आशा आणि अंदाज

दापोली, जुलै २०२०

चि. बाळ,


आधी टाळेबंदी, त्यात 'निसर्ग' वादळाने वाडी आडवी केली. अशा वेळी "आशा धरा" म्हणणं ही नुसती फुंकर आहे, असं तू लिहिलंस. तुझा आक्षेप मंडळीतल्या पुष्कळ उपदेशांना लागू पडतो. "प्रभू सगळं ठीक करील" हे आपण इतक्या सैलपणे म्हणतो की त्याचा हवामानाचा अंदाज होऊन बसतो. अंदाज चुकला की विश्वासही गेला. ३ जूनला या किनाऱ्यावर माड-पोफळी मुळासकट उपटल्या गेल्या. आज रोप लावलं तर नारळ धरायला सहा-सात वर्षं लागणार, आणि प्रार्थनेने त्यांची दोन होत नाहीत. पण ख्रिस्ती आशेने तसं वचन दिलेलंच नाही. तिचा पाया वधस्तंभाशी आहे, म्हणजे हार पुरती होऊन गेलेल्या जागी. पुनरुत्थानानंतरही येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, हे योहानाने मुद्दाम नोंदवलं आहे. झालेलं पुसलं जात नाही, पण शेवटचा शब्द त्याचा नसतो. आपला दावा एवढाच.

हा दावा जगण्यात टिकतो का, हे पाहायचं तर पंडिता रमाबाईंकडे पाहा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो प्रश्न गिळून नव्हे. चर्चच्या मतांवरून त्या आपल्याला धर्मशिक्षण देणाऱ्या इंग्रज धर्मभगिनींशीही पत्रांतून वाद घालत राहिल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मात्र उपाशी मुली आणायला त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं ते त्यातून. स्वतःचं दुःख सरल्यावर त्यांनी हे केलं असं नाही. त्या दुःखामुळेच त्यांना परक्या मुलीची भूक ओळखता आली.

तू म्हणशील, यासाठी ख्रिस्तच कशाला? आपल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो काही ख्रिस्ती श्रद्धेवर नव्हे. अगदी बरोबर. त्यांच्या पत्नी आनंदीबाई रमाबाईंनीच काढलेल्या शारदा सदन या शाळेत शिकल्या होत्या, ही गोष्टही विसरू नये. चांगुलपणावर आपला मक्ता नाही, आणि तसं मानणारा ख्रिस्ती मला तरी लबाड वाटतो. माझा मुद्दा पुढचा आहे: कामही हातातून निसटतं तेव्हा काय उरतं? १८२३ मध्ये बाणकोटला स्कॉटिश मिशनरी आले. त्यांतले डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले. मागे राहिलेल्यांनी शाळा चालवल्या, पण बाप्तिस्मे फारसे झाले नाहीत. १९२१ मध्ये, रमाबाईंचा वारसा चालवणारी त्यांची मुलगी मनोरमा आईआधीच गेली. त्यानंतर रमाबाई वर्षभरही जगल्या नाहीत, तरी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी तडीस नेलं. फळ दिसलं तरच काम, असा हिशेब असता तर ते तिथेच थांबलं असतं. फळाचा हिशेब आपल्या हयातीत पुरा व्हायलाच हवा असं न मानणं, हे विश्वासाने दिलेलं बळ आहे.

हे पुराव्याने सिद्ध होत नाही, असं तू म्हणशीलच. पुनरुत्थान गणितासारखं सिद्ध करून दाखवता येत नाही, हे मी मान्य करतो. पण "सगळं व्यर्थ आहे" हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. तेही मानणंच आहे, फक्त जास्त शहाणपणाचं दिसतं.

तेव्हा उगाच आभाराची प्रार्थना करू नकोस. ईयोब देवाशी भांडला, आणि शेवटी देवाने खडसावलं ते त्याची समजूत घालणाऱ्या मित्रांना. स्तोत्रसंहितेतही गाऱ्हाणी कमी नाहीत. राग आला तर रागच सांग, फक्त बोलणं तोडू नकोस. आणि वाडीच्या नुकसानीच्या पंचनाम्याची प्रत जपून ठेव. रोपांची चौकशी कृषी विद्यापीठात आत्ताच करून ठेवलेली बरी.

तुझा,
मामा