दृष्टांत आणि लीळा : निरूपणकाराची मर्यादा

सभेत कथा निघाली की श्रोते सावध होतात, हा प्रत्येक निरूपणकाराचा अनुभव आहे. प्रमेयाच्या विवरणाला कंटाळलेली सभा 'एक राजा होता' एवढ्या शब्दांनी सरसावून बसते. परंतु सभा सरसावली म्हणजे प्रमेय तिच्यापर्यंत पोहोचले असे नव्हे. कथा ध्यानात राहिली आणि जिच्यासाठी ती सांगितली ते वचन विस्मरणात गेले, तर रंजन झाले, निरूपण झाले नाही. कथेचा उपयोग कसा करावा आणि कोठे थांबावे, याची शिस्त परमार्गातील पूर्वाचार्यांनी सातशे वर्षांपूर्वीच घालून दिली आहे.

सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक

केसोबासांच्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाची मांडणी तीन अंगांची आहे. आरंभी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे वचन येते, ते सूत्र. त्यापाठोपाठ स्वामींनीच सांगितलेली लहानशी कथा, तो दृष्टांत. शेवटी केसोबासांनी लावून दाखविलेला अन्वय, ते दार्ष्टांतिक. या क्रमातच निरूपणाचे मर्म साठविलेले आहे. सूत्र हे धनी आहे, दृष्टांत हा त्याचा सेवक आहे, आणि दार्ष्टांतिक हे सेवकाने धन्याचेच काम केले की नाही याची झडती आहे.

केसोबास संस्कृतचे मोठे पंडित होते. त्यांचे रत्नमालास्तोत्र संस्कृतातच आहे. तथापि श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना त्या भाषेत पुढे रचना करण्यापासून परावृत्त केले. त्यायोगे मार्गातील म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, अशी आचार्यांची चिंता स्मृतिस्थळात नोंदलेली आहे. श्रोत्यांपैकी सर्वांत कमी शिकलेल्या वृद्धेला कळेल ते निरूपण, हा मापदंड तेव्हापासूनचा आहे.

एक कथा, तीन अर्थ

जन्मांध आणि हत्ती यांचा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा. डोळस मात्र संपूर्ण हत्ती पाहतो. हीच कथा बौद्धांच्या 'उदान' ग्रंथात आहे. तेथे ती आपापल्या मतासाठी भांडणाऱ्या परिव्राजकांना उद्देशून सांगितली आहे. जैन परंपरेत ती अनेकांताच्या समर्थनार्थ येते आणि प्रत्येकाच्या बोलण्यात सत्याचा अंश आहे, यावर तेथे भर पडतो. परमार्गात मात्र दृष्टी डोळसाकडे वळते. अंशालाच पूर्ण मानणे हे अज्ञान होय, आणि पूर्णाचे ज्ञान पूर्ण जाणणाऱ्याकडूनच मिळते, हा येथील आशय आहे.

हत्ती एकच, आंधळेही तेच, परंतु तीन ठिकाणी अर्थ तीन झाले. यावरून उघड होते की कथा स्वतः अर्थ सांगत नाही. दार्ष्टांतिक न सांगता निरूपणकार खाली बसला, तर श्रोता आपल्या मनातील अर्थ घेऊन घरी जातो. 'श्रोते सुज्ञ आहेत, त्यांनीच समजून घ्यावे' असे म्हणणे दिसायला नम्रपणाचे असले तरी ते अर्धे काम टाकून देणे आहे.

दृष्टांत एकदेशी असतो

मंद्रूप येथे निरूपण करावयाचे आहे असे मानू. हे गाव सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. याच दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल असून तेथील शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, शिलालेख मराठीच्या अतिप्राचीन लेखांत गणला जातो. मराठीचे वय येथे असे दगडावर कोरलेले असले, तरी या सीमाभागातील कित्येक घरांत कानडी बोलली जाते. शेतात ज्वारी म्हणणारे घरात जोळ म्हणतात. अशा सभेपुढे समुद्राचा किंवा राजवाड्याचा दृष्टांत फिका पडतो. शाळूचा दृष्टांत दोन्ही भाषांच्या श्रोत्याला तत्काळ पटतो.

पावसाळ्यात काळ्या रानाने पाणी पोटात साठविले, म्हणून वर पाऊस नसतानाही हिवाळ्यात शाळू उभा राहतो. त्याप्रमाणे संतांच्या सान्निध्यात ऐकलेले वचन ज्याने अंतःकरणात साठविले, त्याला सान्निध्य नसलेल्या काळातही ते आधार देते. दृष्टांत येथे संपला. उत्साहाच्या भरात कोणी तो पुढे ओढला, तर 'पीक निघेपर्यंत रानातील ओल आटते, तसे वचनही आटते' असे म्हणण्याची पाळी येईल. वास्तविक स्मरण हे वापराने वाढते. ज्या एका अंगासाठी दृष्टांत घेतला तेवढेच अंग लावावे, इतर अंगे लावू नयेत, हा नियम यासाठीच आहे.

लीळा ही दृष्टांत नव्हे

येथवरचा विचार दृष्टांताचा झाला. खरा धोका पुढे आहे. दृष्टांतातील राजा, आंधळा किंवा शाळू निरूपणकाराने प्रसंगानुसार योजावा, त्यात दोष नाही, कारण तो घडला होता असा दावा कोणीच करीत नाही. लीळेचे तसे नाही. लीळा ही साक्ष आहे. म्हाइंभटांनी श्रीनागदेवाचार्यांना विचारून, ज्यांनी स्वामींना पाहिले त्यांच्याकडे जाऊन, एकेक लीळा मिळविली. पुढे मूळ पोथी नष्ट झाल्यावर शिष्यांच्या स्मरणातून लीळांची पुन्हा जुळणी झाली. तेव्हा जेथे दोघांच्या स्मरणात फरक पडला तेथे निरनिराळ्या वासना त्या त्या नावांनिशी नोंदविल्या गेल्या. एक गोड पाठ निवडून दुसरा गाळावा, असा मोह त्या मंडळींनी आवरला.

आता सशाच्या रक्षणाची लीळा घेऊ. पारध्यांच्या कुत्र्यांपासून पळणारा ससा स्वामींच्या जानूखाली येतो. स्वामी शरणागताला परत देत नाहीत, आणि पारध्यांचे मन पालटते. एवढीच घटना सभेचे डोळे ओले करण्यास समर्थ आहे. तथापि कोणी सशाच्या तोंडी विलाप घातला, पारध्यांना हंबरडा फोडावयास लावला, तर टाळ्या अधिक मिळतील, पण श्रोत्याच्या मनात स्वामींच्या चरित्राऐवजी निरूपणकाराची रचना बसेल. तो वासनिक घरी जाऊन मुलाला तीच रचना लीळा म्हणून सांगेल. ज्या ज्ञानमार्गात वचन हेच प्रमाण, तेथे ही हानी लहान नव्हे.

म्हणून निरूपणकाराने व्यासपीठावर जाण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. ही कथा कोणत्या सूत्रासाठी आहे? तिचे कोणते एक अंग लावावयाचे आहे? आणि ती दृष्टांत आहे की लीळा? दृष्टांत असेल तर तो श्रोत्यांच्या शिवारातून उचलावा, थोडक्यात सांगावा आणि दार्ष्टांतिक स्पष्ट बोलावे. लीळा असेल तर पोथीत आहे तेवढीच सांगावी, आणि आपले विवरण करावयाचे झाल्यास लीळा पूर्ण झाल्यावर, वेगळे करून, 'हे विवरण आहे' असे म्हणून करावे. या एका वाक्याने सभेचा रस भंगत नाही. उलट, सांगणारा स्वामींच्या शब्दाला जपतो हे श्रोत्यांना दिसते, आणि त्याच्या उरलेल्या बोलण्यावरही त्यांचा विश्वास बसतो.