लिंक कुठे उघडते ते आधी बघ

बाय, मानकोलीच्या गोदामात डिस्पॅचच्या टेबलावर बसणार आहेस हे ऐकून बरं वाटलं. बिल्टी कशी भरायची, कोणत्या पार्टीला गेटपास लागतो, माथाडींच्या टोळीशी कसं बोलायचं, हे तिथली माणसं तुला शिकवतील. एक गोष्ट मात्र कोणी शिकवणार नाही, कारण ती शिकवण्यासारखी आहे असंच कोणाला वाटत नाही. मेलमधली, व्हॉट्सॲपवरची किंवा बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधली लिंक दाबली की ती कोणत्या ब्राउझरमध्ये आणि त्याच्या कोणत्या व्हर्जनमध्ये उघडते, हे आपण ठरवायचं असतं. आपण ठरवलं नाही, तर ते दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

आपल्या भागात गोदामं वाढली ती मुंबईच्या जकातीमुळे. हद्दीबाहेर माल उतरवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा, म्हणून दापोडे, गुंदवली, वळ, पूर्णा, मानकोली इथल्या भातशेतांवर शेड उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. गोदामं मात्र वाढतच राहिली. नाक्यावरच्या पावतीचं काम आता टेबलावरच्या पडद्यावर आलं. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झालं, पुढच्या महिन्यात, २५ मे पासून, महाराष्ट्रातल्या मालालाही. तेव्हापासून आपल्याकडे गाडी सुटते ती ब्राउझरमधूनच, असं म्हटलं तरी चालेल. पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर चढल्याशिवाय गेटवरून हलायचं नाही. त्यातही बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी वाटेत अडली तर मुदत वाढवायला संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढाच अवधी मिळतो.

यात ब्राउझरचा प्रश्न कुठून आला ते सांगतो. रात्रीचे दोन वाजलेत, गाडी भरून झाली आहे, आणि निघताना ड्रायव्हर सांगतो की टायर बसला, माल दुसऱ्या गाडीत टाकावा लागेल. तू बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधलं बटण दाबतेस, म्हणजे ई-वे बिलाचं संकेतस्थळ उघडेल आणि नवा नंबर टाकता येईल. संध्याकाळपासून तू क्रोममध्ये लॉगिन केलेली आहेस. पण बटण उघडतं ते दुसऱ्याच ब्राउझरमध्ये, कारण मशीनवर डीफॉल्ट तो आहे. तिथे तुझं लॉगिन नाही. एका ब्राउझरचं लॉगिन दुसऱ्याला कळत नाही. पासवर्ड पुन्हा टाक, मग ओटीपी. १ एप्रिल २०२५ पासून ओटीपीचा नियम सगळ्यांनाच आहे. आणि ओटीपी जातो मालकांच्या मोबाईलवर, जे घरी झोपलेले आहेत. ड्रायव्हर काचेवर टकटक करतो, मागची गाडी हॉर्न देते, आणि ठाण्यातून अवजड वाहनं सोडायची वेळ सरत जाते. गाड्या अशा उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. चूक कोणाचीच नसते, आणि बोलणी खातो तो टेबलावरचा माणूस.

यावर दोन उपाय. पहिला ब्राउझरचा नाही पण आधी करून घे: मालकांच्या लॉगिनवर काम करू नकोस. त्यांना सांगून स्वतःचा सब-युजर काढून घे आणि त्यात तुझा स्वतःचा मोबाईल नंबर नोंदव, म्हणजे ओटीपी तुझ्याकडे येईल. फोनला रेंज दगा देत असेल तर एनआयसी-जीएसटी-शील्ड नावाचं ॲप आहे, ते एसएमएसची वाट न पाहता ओटीपी दाखवतं.

दुसरा उपाय म्हणजे डीफॉल्ट आपल्या हाताने लावणं. विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, मग ॲप्स, मग डीफॉल्ट ॲप्स. तिथे हवा तो ब्राउझर निवडलास की वर ‘सेट डीफॉल्ट’ असं बटण दिसतं. विंडोज ११ सुरुवातीला आलं तेव्हा हे बटण नव्हतं. एचटीटीपी, एचटीटीपीएस, एचटीएमएल असं एकेक ओळीने बदलावं लागायचं आणि लोक अर्ध्यात सोडून द्यायचे. २०२२ मध्ये ते बटण आलं. विंडोज १० वर त्याच जागी ‘वेब ब्राउझर’ अशी एकच ओळ आहे, तिच्यावर दाबून बदलता येतं. बदलल्यावर झालं असं धरून चालू नकोस, तपासून बघ. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाब, छोटी खिडकी येईल, त्यात कोणताही वेबपत्ता पूर्ण टाकून एंटर कर. जो ब्राउझर उघडेल तोच तुझा डीफॉल्ट. खालच्या पट्टीवर पिन केलेल्या चिन्हावर जाऊ नकोस. त्या चिन्हाचा आणि डीफॉल्टचा काही संबंध नाही.

आता व्हर्जनचं. हे जरा नीट ऐक, कारण गोंधळ इथेच होतो. गोदामातल्या एकाच मशीनवर एकाच ब्राउझरच्या दोन आवृत्त्या असणं नेहमीचं आहे. कोणीतरी एखाद्या जुन्या पोर्टलसाठी जुना फायरफॉक्स ठेवलेला असतो. त्यामागे खरं कारण होतं. डिजिटल सहीचं टोकन लावून सही करायची तर पूर्वी ब्राउझरमध्ये जावा चालावं लागे. क्रोमने तसल्या प्लगइनला २०१५ मध्ये रजा दिली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. फायरफॉक्स ५२ ची जी लांब मुदतीची आवृत्ती होती, म्हणजे ईएसआर, तिच्यात ते २०१८ पर्यंत चालत राहिलं, म्हणून टेंडर भरणाऱ्यांनी ती जपून ठेवली. आज बऱ्याच ठिकाणी सहीचं सॉफ्टवेअर ब्राउझरच्या बाहेर वेगळं चालतं. जीएसटीला एमसाइनर लागतो तसं. पण एकदा बसवलेलं सॉफ्टवेअर गोदामात कोणी काढत नाही.

जुनं ठेवायचंच असेल तर ठेव, पण डीफॉल्ट त्याला कधीही करू नकोस. गोदामाला दोन शटर असतात तसं समज: पुढच्या शटरने कोणाचीही गाडी येते, म्हणून तिथे वॉचमन आणि कॅमेरा, मागचं शटर आपणच किल्ली लावून उघडतो, तेही ठरलेल्या कामापुरतं. लिंक म्हणजे बाहेरून आलेला माल. ती पार्टीची असेल, बँकेची असेल, किंवा वाहतुकीच्या दंडाच्या नावाने आलेली खोटी असेल. ट्रान्सपोर्टवाल्यांना तर ई-चलानच्या नावाने एपीके फाइल आणि खोट्या लिंका सतत येतात. जुन्या व्हर्जनमधली सुरक्षेची भोकं सगळ्या जगाला ठाऊक झालेली असतात, आणि ती बुजवणारं अपडेट त्याला आता येत नाही. म्हणून बाहेरची प्रत्येक लिंक ताज्या व्हर्जनमध्येच उघडली पाहिजे. जुनं व्हर्जन आपण हाताने उघडायचं, पत्ता स्वतः टाईप करायचा, काम उरकून बंद करायचं.

दोन फायरफॉक्स असले की विंडोजच्या यादीत दोघांचं नाव सारखंच दिसतं, कोणता कुठला ते तिथे कळत नाही. म्हणून यादीतून निवडू नकोस. जो हवा तो आधी उघड, त्याच्या मेनूत हेल्प आणि अबाऊटमध्ये जाऊन व्हर्जनचा आकडा बघ, आणि खात्री पटली की त्याच्याच सेटिंग्जमध्ये जनरलखाली ‘मेक डीफॉल्ट’ दाब. कधी तिथेच काम होतं, कधी विंडोजचं पान उघडतं आणि शेवटचा होकार तिथे द्यावा लागतो. जुन्यात गेलीस की तो विचारेल, मला डीफॉल्ट कराल का. नाही म्हण, आणि दर वेळी विचारणं तिथेच बंद कर. नाहीतर घाईत कोणीतरी हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या लिंका पुन्हा जुन्यात.

नव्यात गेल्यावर बुकमार्क आणि पासवर्ड दिसले नाहीत तर घाबरू नकोस. मे २०१९ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ६७ पासून प्रत्येक आवृत्तीला स्वतःची वेगळी प्रोफाईल मिळते. तुझं सगळं जुन्या प्रोफाईलमध्ये जागेवर आहे. बुकमार्क एचटीएमएल फाइल म्हणून बाहेर काढून नव्यात आण. नव्या व्हर्जनने वापरलेली प्रोफाईल जुन्यात उघडायला मात्र जाऊ नकोस. फायरफॉक्स स्वतःच अडवतो, आणि त्याचं ऐकावं.

इंटरनेट एक्सप्लोररवर चालणारं एखादं पोर्टल अजूनही निघतं. तो ब्राउझर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला आणि १४ फेब्रुवारी २०२३ च्या अपडेटने विंडोज १० वर बंदच झाला. त्यासाठी जुनं मशीन राखून ठेवायची गरज नाही. एजमध्ये आयई मोड आहे, आणि तो निदान २०२९ पर्यंत चालवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. एजच्या सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ब्राउझर या पानावर ते पोर्टल यादीत घालायचं. पण एक लक्षात ठेव, यादीतलं नाव ३० दिवसांनी आपोआप जातं. गेल्या महिन्यात चालणारं पोर्टल आज अचानक कोरं दिसलं तर नेट तपासण्याआधी ही यादी बघ. त्यासाठी एज डीफॉल्ट करायचं काही कारण नाही.

ब्राउझर बदलूनही ई-वे बिलाची पीडीएफ जुन्याच ठिकाणी उघडते, अशी तक्रार तुझ्यासमोर येईल. पीडीएफचं डीफॉल्ट वेगळं असतं, ते विंडोजच्या डीफॉल्ट ॲप्सच्या पानावर फाइलच्या प्रकारानुसार बदलायचं. आउटलुकच्या मेलमधल्या लिंका सगळं नीट लावूनही एजमध्ये जात असतील तर आउटलुकमध्येच फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये जा. तिथे ‘लिंक हँडलिंग’ खाली डीफॉल्ट ब्राउझर निवडता येतो. आणि व्हॉट्सॲप जर ब्राउझरमध्येच उघडलेलं असेल तर त्याची लिंक त्याच ब्राउझरच्या नव्या टॅबमध्ये उघडणार, डीफॉल्ट काहीही असो. म्हणून व्हॉट्सॲप वेब जुन्या व्हर्जनमध्ये कधीच लावू नकोस. तिथेच सगळ्यात जास्त अनोळखी लिंका येतात.

घाईच्या वेळी सेटिंग बदलत बसू नकोस. लिंकवर उजवं क्लिक कर, ‘कॉपी लिंक’ घे, हव्या त्या ब्राउझरमध्ये पेस्ट कर, गाडी सोड. पण पेस्ट करण्याआधी पत्ता वाच. ई-वे बिलाचा किंवा जीएसटीचा असेल तर मुख्य नावाच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असलं पाहिजे. मधे कुठेतरी ती अक्षरं आहेत म्हणून विश्वास ठेवू नकोस.

ड्रायव्हर लोकांच्या फोनवरही हेच. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स, मग ब्राउझर. नवीन फोनबरोबर आलेला कंपनीचा ब्राउझर बऱ्याचदा डीफॉल्ट असतो, त्यात जाहिराती भरपूर, आणि पार्टीची डिलिव्हरीची पावती त्यात नीट भरली जात नाही. ड्रायव्हर चहाला थांबला असेल तेव्हा त्याला विचारून बदलून दे. डीफॉल्ट म्हणजे किरकोळ बाब आहे असं समजू नकोस. फोनमध्ये आधीपासून काय भरून द्यायचं, या आणि अशा कारणांवरून आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला होता. युरोपात मायक्रोसॉफ्टने ब्राउझर निवडायचं पान लोकांना दाखवलं नाही म्हणून २०१३ मध्ये ५६ कोटी युरोंहून जास्त दंड झाला. एवढ्या मोठ्या कंपन्या ज्या जागेसाठी भांडतात, ती जागा तुझ्या टेबलावर तू स्वतः ठरवावीस असं मला मनापासून वाटतं.

मशीन विंडोज ७ चं निघालं तर यातलं काहीही करण्याआधी सुपरवायझरला सांग. त्यावर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ ची. ती सुरू असते, पानं उघडते, म्हणून कोणाला शंका येत नाही, पण तिला पुढचं अपडेट येत नाही. नवीन मशीन मिळेपर्यंत त्यावर मेल आणि व्हॉट्सॲप नको, फक्त लेबल छापायचं काम. विंडोज १० चीही नेहमीची अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हा त्या मशीनचं काय करणार हेही त्याच बोलण्यात विचारून घे.

आणि हे सगळं विंडोजमधल्या तुझ्या लॉगिनपुरतं लागू होतं. डीफॉल्ट ब्राउझर विंडोजच्या प्रत्येक युजरला वेगळा असतो. रात्रपाळीचा मुलगा दुसऱ्या युजरने बसत असेल तर त्याच्या पडद्यावर तू केलेलं काहीच दिसणार नाही. पाळी बदलताना त्याला तुझ्याशेजारी बसव, त्याच्या युजरमध्ये त्याच्याच हातून सेट करून घे, विंडोज आणि आर दाबून तपासायला लाव, आणि त्याचाही सब-युजर काढून त्याचा नंबर नोंदवलाय का ते विचार.