आखा, बांधा, उडवा

मुलांनो, जत्रेतली चावीची मोटार तुम्ही पाहिली असेल. चावी दिली की ती सुटते, पण वळ म्हटलं तर वळत नाही. रेडिओ-लहरींवर चालणारं लहान विमान मात्र जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचं ऐकतं. अशी विमानं स्वतः आखून, स्वतः बांधून उडवण्याची विद्यार्थ्यांची एक स्पर्धा अमेरिकेत होते. तिची माहिती आज मी देत आहे.

स्पर्धेचे नाव ‘डिझाईन, बिल्ड, फ्लाय’, म्हणजेच आखा, बांधा, उडवा. १९९६-९७ या शैक्षणिक वर्षात ती सुरू झाली. विमान बॅटरीवर चालणारे असावे लागते. काम दर वर्षी नवे असते, म्हणून मागच्या वर्षीचे विमान पुन्हा आणून भागत नाही.

२०२२ साली कॅन्सस राज्यातील विचिटा येथे दिलेले काम ऐका. विमानाने आधी रिकामे उडायचे. मग इंजेक्शनच्या सिरिंजा घेऊन उडायचे. शेवटी लशीच्या पेट्या न्यायच्या. एक फेरी मारून उतरायचे, एकच पेटी अलगद खाली ठेवायची आणि पुन्हा उडायचे. पेटीवर झटका ओळखणारी खूण लावलेली. पेटी आपटली की खूण पडते आणि ती पेटी मोजत नाहीत. बरोबरच आहे! लस पोचली, पण बाटली फुटली, तर बाळाला काय टोचणार?

आता तुम्ही म्हणाल, भरपूर सामान भरावे. पण वजन वाढले की पंखांना जास्त उचल द्यावी लागते. त्यासाठी पंख मोठे करावे, तर हवेचा अडथळा वाढतो आणि वेग घटतो. म्हणून सामान किती न्यायचे, हे आधी कागदावर गणित करून ठरवावे लागते.

या गणिताचा लेखी अहवाल द्यावा लागतो. गंमत अशी की अहवालाचे गुण आणि उड्डाणाचे गुण यांचा गुणाकार करतात, बेरीज नाही. समजा, एका गटाला अहवालात ९० आणि उड्डाणात ४ गुण मिळाले. ९० × ४ = ३६०. दुसऱ्याला अहवालात ६० आणि उड्डाणात ५. ६० × ५ = ३००. उड्डाण सरस, तरी दुसरा गट मागे पडला! अहवालाला शून्य मिळाले तर काय होईल, ते तुम्हीच सांगा.

विमान वळतं कसं, हे आपल्याला कागदाच्या विमानावर पाहता येईल.

करून पाहा:
१) दोन्ही पंखांच्या मागच्या कडा थोड्या वर वळवा. नाक वर उचललं जाईल.
२) उजवी कड वर, डावी खाली करा. विमान उजवीकडे कलून वळेल.
३) नाकाला एक टाचणी लावा, मग तीच शेपटीला लावा. दोन्ही वेळा विमान कुठे पडलं, ते पावलांनी मोजा.

प्रत्येक प्रयोग तीनदा करा, कारण वाऱ्याची एखादी झुळूकही फसवते. मापे वहीत लिहा आणि कोणत्या बदलाने काय झाले, ते कारणासह शनिवारी वर्गात सांगा. आपला अहवाल तोच, बरं का!