दोन डिस्कचा घरगुती सर्व्हर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे आय-फाइव्ह डेस्कटॉप ऑफिसांना नकोसे झाले आहेत आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. या मशीनमध्ये अजून बरीच धमक आहे. घरातले फोटो, लग्नाचे व्हिडिओ, सातबाऱ्यापासून सोसायटीच्या पावत्यांपर्यंतचे स्कॅन, असं सगळं एका जागी ठेवणारा आणि घरातल्या कुठल्याही फोनवर-लॅपटॉपवर उघडणारा सर्व्हर त्यातून उभा राहतो. नव्या घ्यायच्या त्या प्रामुख्याने दोन हार्ड डिस्क, आणि खर्चाचा मोठा भागही त्यांचाच.

पुढची सगळी कृती एकच गोष्ट धरून चालते: हार्ड डिस्क कधी ना कधी जाणारच. ती गेली तरी घरातला एकही फोटो जाऊ नये, यासाठी हा खटाटोप.

साहित्य

डेस्कटॉप उभ्या टॉवरचा घ्या. ऑफिसातले चपटे डबे दिसायला सुटसुटीत असतात, पण त्यात साडेतीन इंची डिस्क जेमतेम एक बसते. विकत घेण्याआधी झाकण उघडून एसएमपीएसची मदरबोर्डकडे जाणारी वायर बघा. नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर असला तर निर्धास्त घ्या. काही ब्रँडेड मशीनना कंपनीचा स्वतःचा वेगळाच कनेक्टर असतो. तो एसएमपीएस जळला की बाजारातला साधा एसएमपीएस तिथे लागत नाही. बोर्डावर डिस्क जोडायचे, साटाचे, किमान तीन पोर्ट हवेत. रॅम ८ जीबी चालते, १६ असेल तर फार बरं. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी १२० जीबीच्या आसपासची छोटी एसएसडी लागेल. ती पूर्ण सिस्टिमच्याच वाट्याला जाते, आपला डेटा तिच्यावर ठेवायचा नसतो.

डिस्क मात्र घाईने घेऊ नका. ४ टीबीच्या, नॅससाठी, म्हणजे अशा नेटवर्कवरच्या साठवणीच्या सर्व्हरसाठी, बनवलेल्या दोन डिस्क घ्या आणि त्या सीएमआर आहेत, एसएमआर नाहीत, याची मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर खात्री करा. एसएमआर प्रकारात कौलांसारखे डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे थोडे चढवलेले असतात. त्यामुळे एक पट्टा नव्याने लिहायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एरवी हे जाणवत नाही. पण एक डिस्क जाऊन तिच्या जागी दुसरी भरायची वेळ येते तेव्हा अशी डिस्क तासांचं काम दिवसांवर नेते, कधी मध्येच मान टाकते. नॅसच्या नावाखाली ग्राहकाला न सांगता एसएमआर डिस्क विकल्या गेल्याचं २०२० साली उघड झालं, त्यानंतर कंपन्यांनी आपापल्या याद्या जाहीर केल्या. त्या बघायला पाच मिनिटं लागतात.

दोन्ही डिस्क एकाच दुकानातून एकाच दिवशी घेऊ नका. एकाच लॉटमधल्या डिस्कमध्ये एकच दोष असू शकतो आणि मग त्या पाठोपाठ जातात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलात तरी दोन वेगवेगळ्या दुकानांत घ्या. पैसे देण्याआधी डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी लागू आहे का ते बघा. परदेशी बाजारासाठीची डिस्क इथे स्वस्तात मिळते, पण बिघडल्यावर तिला कुणी वाली नसतो.

शिवाय ६०० व्हीएचा यूपीएस हवा, आणि त्याला यूएसबीचा डेटा पोर्ट हवा. स्वस्त यूपीएसना तो नसतो, तेव्हा मागची बाजू बघूनच घ्या. घरात इन्व्हर्टर असला तरी हा लागतोच. इन्व्हर्टरची बॅटरी संपत आली की सर्व्हरला सांगणारं कुणी नसतं.

जोडणी

आधी मशीन साफ करा. ऑफिसातल्या डेस्कटॉपच्या पंख्यात वर्षानुवर्षांची धूळ असते; ब्रशने आणि ब्लोअरने काढा, पंखा फिरू न देता. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा.

डिस्क बसवण्याआधी एक काम न चुकता करा. प्रत्येक डिस्कच्या सीरियल नंबरची शेवटची चार अक्षरं कागदी टेपवर लिहा आणि झाकण उघडल्यावर दिसेल अशा कडेला चिकटवा. डिस्क बिघडेल तेव्हा स्क्रीनवर फक्त हा नंबर येतो. वरची की खालची, हे कुणी सांगत नाही. टेप नसेल तर अंदाजाने चांगली डिस्क ओढून काढली जाते आणि उरते ती बिघडलेली.

दोन डिस्कमध्ये एका डिस्कएवढी फट ठेवता आली तर ठेवा, आणि समोरून हवा आत ओढणारा १२० मिलिमीटरचा पंखा बसवा. विदर्भातल्या मे महिन्यात डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या आत ठेवायचं तर हा पंखा लागतोच. साटाची केबल ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. सैल केबलमुळे येणाऱ्या चुका डिस्कच बिघडल्यासारख्या दिसतात. एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या वायरवरून साटाला वीज देणारे स्वस्त अडॅप्टर वापरू नका. एकसंध साच्यात ओतलेले प्लॅस्टिकचे अडॅप्टर आतून शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत. आणि सर्व्हर लावायचा त्या प्लगला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

बायोसमध्ये तीन गोष्टी करा: साटाचा मोड एएचसीआय ठेवा, सिक्युअर बूट बंद करा, आणि वीज गेल्यानंतर परत आली की मशीन आपोआप सुरू होईल असं ठरवा.

परीक्षा

इथे घाई केली तर पुढचं सगळं कच्चं राहतं. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट लावून रात्रभर रॅम तपासा. साध्या बोर्डांवर रॅममधली चूक आपणहून दुरुस्त करणारी ईसीसीची सोय नसते, म्हणून एकही चूक दाखवणारी रॅम ठेवू नका.

मग ट्रूनॅस कम्युनिटी एडिशन ही ऑपरेटिंग सिस्टिम घ्या. ती मोफत आहे. तिची फाइल रुफस किंवा एचरने पेन ड्राइव्हवर चढवा आणि एसएसडीवर इन्स्टॉल करा. इन्स्टॉल करताना दोन्ही मोठ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा, म्हणजे चुकीची डिस्क पुसण्याचा प्रश्नच येत नाही. झालं की मॉनिटरवर १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता दिसेल. तो दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडा. यापुढे मॉनिटर आणि कीबोर्ड लागणार नाही. राउटरमध्ये जाऊन हाच पत्ता या मशीनसाठी राखून ठेवा.

मशीन बंद करून डिस्क जोडा आणि परत सुरू करा. ट्रूनॅसच्या शेलमधून दोन्हींवर स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीची, लांब चाचणी लावा, मग बॅडब्लॉक्सची लिहून-वाचून बघणारी चाचणी, ब्लॉकचा आकार ४०९६ देऊन. या चाचणीत डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून ती फक्त नव्या, रिकाम्या डिस्कवर. ती टीमक्समध्ये चालवा, नाहीतर ब्राउझर मिटला की चाचणीही थांबेल. ४ टीबीला दोन-तीन दिवस लागतात. लागू देत. नंतर स्मार्टचा तक्ता बघा: बदललेले सेक्टर, म्हणजे क्रमांक ५, आणि अडकलेले सेक्टर, क्रमांक १९७, हे दोन्ही आकडे शून्य हवेत. नव्या डिस्कवर एखादाही वाढला तर ती दुकानदाराला परत करा. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदला.

मांडणी

आता दोन्ही डिस्कचा मिळून मिरर प्रकाराचा एक पूल करा. दोन्हींवर तोच डेटा लिहिला जातो, म्हणून जागा एकीचीच मिळते. ४ टीबीच्या डिस्कची स्क्रीनवर ३.६४ दिसेल. हिशोबाची पद्धत वेगळी आहे एवढंच, कुणी फसवलेलं नाही. साधारण ८० टक्क्यांच्या वर भरू नका.

खाली झेडएफएस नावाची फाइल सिस्टिम काम करत असते आणि या सगळ्या उद्योगाचं मोल तिच्यात आहे. प्रत्येक तुकड्याबरोबर ती त्याची पडताळणीची खूण लिहून ठेवते. वाचताना खूण जुळली नाही तर दुसऱ्या डिस्कवरून चांगली प्रत घेऊन बिघडलेली दुरुस्त करते. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेला फोटो डिस्कवर पडल्या पडल्या खराब होऊ शकतो. महिन्यातून एकदा सगळा डेटा वाचून बघणारा स्क्रब लावला की तो वेळेत सापडतो.

पुलात फोटो, कागदपत्रं आणि प्रत्येकाचं वैयक्तिक असे वेगळे डेटासेट करा. घरातल्या प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. जुन्या फोटोंवर सगळ्यांना फक्त बघण्याची परवानगी ठेवा, म्हणजे कुणाच्या हातून काही पुसलं जाणार नाही. रोजचा स्नॅपशॉट लावा. चुकून उडवलेली फाइल मग विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून जुन्या आवृत्तीतून परत आणता येते.

पहिली मोठी कॉपी करताना वेगावर लक्ष ठेवा. गिगाबिटच्या वायरवरून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जायला हवेत. ११च्या पुढे सरकत नसेल तर केबलच्या आठ तारांपैकी चारच चालतायत असं बहुतेक वेळा निघतं. २०० जीबी फोटोंना अर्ध्या तासाऐवजी पाच तास लागतील. टोकं नव्याने क्रिम्प करून घ्या.

यूपीएसची यूएसबी जोडून, वीज गेल्यावर काही मिनिटांनी सर्व्हर स्वतः नीट बंद होईल असं ठरवा. असं मशीन रिकामं असताना साधारण ३० ते ४० वॉट खातं, म्हणजे महिन्याला वीस ते तीस युनिट.

बाहेरगावाहून फोटो बघायचे असतील तर टेलस्केल किंवा वायरगार्डसारखा व्हीपीएन वापरा. राउटरचे पोर्ट इंटरनेटवर उघडू नका. मे २०१७मधला वॉनाक्राय हा व्हायरस विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या दारातून जगभर पसरला होता.

रंगीत तालीम

डेटा भरल्यावर सर्व्हर नीट बंद करा, एका डिस्कची केबल काढा आणि परत सुरू करा. पूल ‘डिग्रेडेड’ दिसेल, इशारा येईल, फाइल मात्र सगळ्या उघडतील. बंद करून केबल लावा, सुरू करा आणि डिस्क परत जुळून येईपर्यंत थांबा. इशारा ईमेलवर आला नसेल तर ती सोय आजच नीट करा.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चोरी, आग, पाणी किंवा सगळंच पुसणारी एखादी चूक यांच्यापुढे दोन्ही डिस्क एकत्रच जातात. म्हणून एक यूएसबी डिस्क महिन्यातून एकदा भरा आणि भावाकडे, मावशीकडे, दुसऱ्या गावी ठेवा. दर वेळी नेण्याआधी तिच्यातल्या दहा-बारा फाइल वेगळ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

मग एका कागदावर सर्व्हरचा पत्ता, लॉगिन, पासवर्ड, दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर आणि खरेदीच्या तारखा लिहा, बिलं त्याला जोडा आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तो कागद हातात देऊन, तुम्ही काही न सांगता, डिस्क काढून परत लावायची तालीम करायला लावा. जिथे ते अडतील, तिथे कागदावर आणखी एक ओळ लिहा.