पहिली इलेक्ट्रिक माउंटन सायकल घेताना : नगरच्या चढांसाठी खर्चाचा पूर्ण हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्यात चढांची वानवा नाही. शहरातून निघालात तर पाथर्डी रस्त्याला चांदबीबी महालाचा डोंगर आणि पुढे करंजी घाट, उत्तरेला डोंगरगण, मांजरसुंबा, वांबोरी घाट. पश्चिमेला अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता. साध्या सायकलवर ज्यांचा दम निम्म्या चढावर संपतो किंवा ज्यांचे गुडघे आता कुरकुर करतात, त्यांना इलेक्ट्रिक माउंटन सायकल हे सगळे रस्ते पुन्हा मोकळे करून देते. म्हणूनच ती नीट पारखून घ्यायला हवी. खरेदीला जाणाऱ्याचं लक्ष बहुधा दोनच आकड्यांवर असतं : किंमत आणि 'एका चार्जमध्ये किती किलोमीटर'. माझं सांगणं असं, की तुमचा नेहमीचा चढ, तुमचं वजन आणि जवळपास दुरुस्ती करणारा माणूस, या तीन गोष्टींवरून सायकल ठरवा.

किती पैशांत काय मिळतं

भाव सणासुदीला आणि ऑनलाइन सेलमध्ये खालीवर होतात. तरी ढोबळ गट असे पडतात.

२५ ते ३५ हजार : बहुतेकदा लोखंडी फ्रेम, मागच्या चाकात २५० वॅटची मोटार, ३६ व्होल्टची सहा ते साडेसात अँपिअर-अवरची बॅटरी, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक. नाव 'माउंटन' असलं तरी ही सायकल गावातला रस्ता, शेतवाट आणि सौम्य चढ यांच्यासाठी आहे. यातली बिनगिअरची सायकल घाटासाठी घेऊ नका.

३५ ते ६० हजार : अॅल्युमिनियमची फ्रेम, सात किंवा जास्त गिअर, २७.५ किंवा २९ इंची चाकं, दहा अँपिअर-अवरच्या आसपासची काढता येणारी बॅटरी. नगरच्या आसपास फिरणाऱ्या बहुतेकांची पहिली सायकल या गटातली असावी.

६० हजार ते लाखापर्यंत : मोठी बॅटरी, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, बरा शॉकअप, काहींत मागेही शॉकअप.

परदेशी बनावटीच्या, पॅडलच्या कण्यापाशी मोटार असलेल्या सायकली काही लाखांत जातात. चढासाठी त्या सर्वांत सरस, पण सुटा भाग लागला की मोठ्या शहराची वाट धरावी लागते. पहिल्या खरेदीत त्यांच्या मागे लागू नये.

पुण्याची ईमोटोराड, हिरो सायकल्सची हिरो लेक्ट्रो, टाटा समूहातली स्ट्रायडर ही देशी नावं सहज समोर येतील. नाव कोणतंही असो, त्या मॉडेलची बॅटरी, कंट्रोलर आणि चार्जर सुटे मिळतात का आणि केवढ्याला, हे दुकानात आधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर पुढच्या दुकानात जा.

चढावर बॅटरी किती जाते

बॅटरीचा खरा आकडा वॅट-अवरचा. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणलं की तो मिळतो : ३६ गुणिले ७.५ म्हणजे २७०, ३६ गुणिले १० म्हणजे ३६०.

आता चढ बघा. ७० किलोचा माणूस, २२ किलोची सायकल, पाणी आणि पिशवी मिळून आठ किलो, असे १०० किलो होतात. एवढं वजन १०० मीटर उंच न्यायला २७ वॅट-अवर ऊर्जा लागते. यातली निम्मी तुमच्या पायांनी दिली आणि मोटारीतली घट धरली, तरी बॅटरीतून १८ वॅट-अवर जातात. रस्त्याचं घर्षण आणि वारा वेगळाच. म्हणजे ५०० मीटर चढाईची सकाळ २७० वॅट-अवरच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा केवळ उंचीवर खाते, आणि नुसतं थ्रॉटल पिळत गेलात तर दोन तृतीयांशाच्या आसपास. कंपनीचे किलोमीटर सपाट रस्त्यावरचे, हलक्या मदतीवरचे असतात. घाटात त्यांचे निम्मे धरून चाला.

दुसरी गोष्ट उष्णतेची. चाकातली मोटार हळू फिरली की तिची जास्त ऊर्जा तापण्यात जाते. खड्या चढावर पाच-सहाच्या वेगाने रखडत राहिलात तर ती चटका बसण्याइतकी तापते. गिअर आधीच हलका करा, पाय फिरते ठेवा आणि मोटारीला मदतनीस समजा. नगरच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर हे पाळायलाच हवं.

दुकानात हे तपासा

सेन्सर. स्वस्त सायकलींत पॅडल फिरलं की मोटार ठरलेल्या जोराने धावते. टॉर्क सेन्सर असलेली सायकल तुम्ही जेवढा जोर लावाल त्या मानाने मदत करते. सुट्या मुरुमावर अचानक ढकललेलं मागचं चाक घसरतं, म्हणून कच्च्या वाटांवर जाणाऱ्याने टॉर्क सेन्सरसाठी चार-पाच हजार जास्त मोजले तरी ते सार्थकी लागतात.

ब्रेक. वर जायला बॅटरी मदत करते, खाली येताना शंभर किलो तुम्हालाच थोपवायचे असतात. तारेचे डिस्क ब्रेक चालतात, पण ते वरचेवर आवळावे लागतात. घाट नेहमीचा असेल तर हायड्रॉलिकच घ्या.

माप. सायकलवर दोन पाय टाकून उभं राहिल्यावर आडव्या दांडीपासून दोन बोटं तरी मोकळी जागा हवी. घरातल्या सगळ्यांना एकच सायकल नीट बसत नाही. जो जास्त चालवणार, त्याच्या मापाची घ्या.

बंद मोटार. मोटार बंद करून एक किलोमीटर चालवा आणि मग ती एक जिना उचलून चढवून पाहा. बॅटरी वाटेत संपली तर हेच करायचं आहे. बावीस-पंचवीस किलोचं ओझं झेपतं का, हे कागदावरून कळत नाही.

मागचं चाक. आपल्याकडे पंक्चर ठरलेलं, कारण बांधाबांधावर बाभळीचे काटे. मोटारीचं चाक काढायला बहुतेक सायकलींना १८ नंबरचा पाना लागतो. आधी फ्रेमजवळची वायरची जोडणी सरळ ओढून सोडवायची. परत बसवताना दोन्ही टोकांवरच्या बाणांची खूण समोरासमोर आणून दाबायची, पिळायची नाही. पिळली की आतल्या नाजूक पिना वाकतात. दांड्यावरचे वॉशर कोणत्या क्रमाने होते त्याचा फोटो काढून ठेवा. दुकानदाराला हे सगळं एकदा तुमच्यासमोर करायला लावा. त्याला जमलं नाही तर तुमच्या गावच्या पंक्चरवाल्याला कसं जमेल?

कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार मोटारीची ताकद पाव किलोवॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेली सायकल मोटार वाहन ठरत नाही. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. अशा सायकलीला पासिंग, लायसन, वाहन विमा लागत नाही. ताशी ४० किलोमीटर पळणारं किट बसवून घेतलं की ही सवलत जाते. विमा नसलेल्या मोटार वाहनाने अपघात झाला तर भरपाई थेट तुमच्या खिशातून द्यावी लागू शकते. वेग वाढवून देण्याचं आमिष दाखवणाऱ्याकडून सायकल घेऊ नका.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात डांबरी रस्ता आणि गावरस्ता सोडून सायकल घालू नका. कळसूबाईच्या वाटेवर तर लोखंडी शिड्या आहेत. सायकल बारी गावात लावायची आणि पायी वर जायचं.

तीन वर्षांचा हिशेब

४५ हजारांची सायकल आणि आठवड्यातून दोन चार्ज, असं धरू.

सायकल : ४५,००० रुपये.
हेल्मेट, कुलूप, पुढचा-मागचा लाइट, पंप, दोन ट्यूब आणि ट्यूबमध्ये भरायचं पंक्चर जेल : ५,३०० रुपये.
सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड, चेन, टायर : वर्षाला ३,००० प्रमाणे ९,००० रुपये.
वीज : एका चार्जला अर्ध्या युनिटपेक्षा कमी. दहा रुपये युनिट धरून पाच रुपये चार्ज. ३१२ चार्जचे १,५६० रुपये.
पुढच्या बॅटरीसाठी महिन्याला ४०० बाजूला : १४,४०० रुपये.

एकूण ७५,२६० रुपये. म्हणजे किंमतीच्या पाटीवर दिसते ती खर्चाची साठ टक्केच बाजू. वीज जवळजवळ फुकट आहे, खरा खर्च बॅटरीचा. लिथियम-आयन बॅटरीची ताकद साधारण पाचशे पूर्ण चार्जनंतर जाणवण्याइतकी उतरते, आणि उन्हात किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर त्याआधीच. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. उन्हातून आल्यावर ती गार होऊ द्या आणि मगच चार्जिंगला लावा. चार्जर कंपनीचाच वापरा. महिनाभर सायकल काढणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा. पावसाळ्यात चिखल बादलीच्या पाण्याने आणि फडक्याने काढा, वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाने नाही.

परदेशातल्या नातेवाइकाला 'येताना बॅटरी घेऊन ये' असंही सांगू नका. १६० वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही.

पावती, वॉरंटी आणि दाद

इलेक्ट्रिक सायकलवर ५ टक्के जीएसटी आहे. पक्कं बिल घ्या आणि त्यावर फ्रेमचा, मोटारीचा, बॅटरीचा नंबर लिहून घ्या. बॅटरी आणि मोटार यांची वॉरंटी वेगवेगळी असू शकते. 'पाणी गेल्यास लागू नाही' यासारखी कलमं वाचूनच पैसे द्या. ऑनलाइन घेणार असाल तर सायकल जोडून कोण देणार आणि बिघडली तर पुण्याला नेण्याचा खर्च कोणाचा, हे लेखी मागा. घासाघीस करायचीच असेल तर किंमतीवर कमी आणि पहिल्या दोन सर्व्हिसिंग, जास्तीचे ब्रेक पॅड यांवर जास्त करा.

दुकानदार ऐकेनासा झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, मग विक्रेता कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला फी नाही.

मग कोणती घ्यावी

रोजचा रस्ता आणि शेतवाट असेल, तर ३५ हजारांच्या आतली गिअरवाली सायकल पुरेशी आहे. आठवड्याला चांदबीबी महाल, डोंगरगण किंवा वांबोरी घाट असेल, तर ४५ ते ६० हजार, ३६० वॅट-अवर बॅटरी आणि टॉर्क सेन्सर. भंडारदऱ्याकडच्या लांब चढांची ओढ असेल, तर पुढच्या गटात जा आणि मुक्कामाच्या ठिकाणी चार्जिंगची सोय आधी फोनवर विचारा. पैसे कमी पडत असतील तर बॅटरी थोडी लहान घ्या, रंगरूप सोडा, मागचा शॉकअप सोडा. ब्रेक आणि हेल्मेट यांत मात्र शंभर रुपयांचीही काटकसर करू नका.