घटक ६ : रंगसूचनेतील आवाज आणि त्याचा मार्ग

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• रंगसूचनेतील आवाजाचे उगमस्थान कोणत्या पदांतून सूचित होते, हे सांगता येईल.
• संगणकातील ध्वनिफीत अपेक्षित स्पीकरपर्यंत कशी पोहोचते, हे स्पष्ट करता येईल.
• नाट्यसंहितेवरून ध्वनियोजनेचा तक्ता तयार करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण रंगसूचनांचे प्रकार पाहिले. प्रस्तुत घटकात त्यांपैकी ध्वनिविषयक सूचनांचा विचार करावयाचा आहे. नाटक वाचताना 'दूरवर' हा शब्द आपण सहज ओलांडून पुढे जातो. प्रयोगात तसे करता येत नाही. तेथे आवाज कोठून तरी यावाच लागतो. आणि तो भलत्या ठिकाणाहून आला, तर प्रसंगाचा अर्थ बदलतो. संस्कृत नाटकांत पडद्यामागून येणाऱ्या बोलण्यासाठी 'नेपथ्ये' अशी सूचना असे, हे आपणांस ठाऊक आहेच. आज मराठीत 'नेपथ्य' म्हणजे मुख्यतः रंगमंचावरील देखावा. पण आवाजाचे स्थान सांगण्याची गरज कायम आहे.

ध्वनिफीत कोणत्या स्पीकरकडे पाठवावी, हा प्रश्न तांत्रिक वाटतो. त्याचे उत्तर मात्र संहितेच्या भाषेत शोधावे लागते, हे या घटकाचे मुख्य प्रतिपादन होय.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ स्थळवाचक पदे

पुढील तीन वाक्ये पाहा : (अ) बागेत कुऱ्हाड चालते. (आ) बागेतून कुऱ्हाडीचा आवाज येतो. (इ) जणू आकाशातून आवाज येतो.

पहिल्या वाक्यातील 'त' हा प्रत्यय क्रियेचे स्थळ दाखवतो. दुसऱ्यातील 'ऊन' उगम दाखवतो. त्याचबरोबर तो आवाज ज्याच्याकडे 'येतो', असा श्रोताही गृहीत धरतो. तिसऱ्यातील 'जणू' उगम सांगतो आणि त्याच क्षणी तो संशयास्पद करतो. म्हणजे पहिल्या दोन वाक्यांसाठी आवाजाला निश्चित जागा हवी, तर तिसऱ्यासाठी ती निश्चित न होणे हेच अपेक्षित आहे.

'उजवीकडे' हे पदही तपासून घ्यावे. नटाचा चेहरा प्रेक्षकांकडे असतो. त्यामुळे त्याची उजवी बाजू ही प्रेक्षकांची डावी ठरते. संहितेत कोणाची बाजू अभिप्रेत आहे, हे तक्त्याच्या आरंभीच नोंदवावे.

६.२.२ 'द चेरी ऑर्चर्ड'मधील तीन आवाज

अंतोन चेकॉव्ह यांचे हे रशियन नाटक मॉस्को आर्ट थिएटरने १९०४ मध्ये प्रथम रंगभूमीवर आणले. त्यातील तीन आवाज आपल्या विषयासाठी उद्बोधक आहेत.

पहिला, तिसऱ्या अंकातील वाद्यवृंदाचा. तो शेजारच्या दालनात वाजतो आहे. घरात मेजवानी आहे आणि तिकडे बागेचा लिलाव होतो आहे. या आवाजाचा उगम सर्व पात्रांना ठाऊक असतो.

दुसरा, तार तुटल्यासारखा आवाज. दुसऱ्या अंकात तो दुरून, जणू आकाशातून येतो आणि विरून जातो. लोपाखिनला वाटते, दूर एखाद्या खाणीतील डोल सुटून कोसळला असावा. गायेव बगळ्यासारख्या पक्ष्याचा तर्क करतो, त्रोफिमोव घुबडाचा. आता कल्पना करा : हा आवाज डाव्या विंगेतील एकाच स्पीकरमधून स्पष्टपणे आला. प्रेक्षकांना जागा कळली, पण पात्रे तर्क करीत बसली! प्रसंगातील अस्वस्थता जाऊन तेथे हास्यास्पदता येईल.

तिसरा आवाज कुऱ्हाडीचा. चौथ्या अंकाच्या शेवटी बंद घरात म्हातारा नोकर फिर्स एकटाच राहिला आहे. तार तुटल्याचा आवाज पुन्हा होतो, शांतता पसरते आणि दूर बागेत झाडावर घाव पडू लागतात. एक आवाज ठिकाण नसलेला, दुसरा पक्क्या ठिकाणचा. हे दोन्ही एकाच स्पीकरमधून आले, तर नाटकाचा शेवटच सपाट होईल.

६.२.३ संगणकातील ध्वनिमार्ग

मॅक संगणकावर चालणाऱ्या 'क्यूलॅब' या प्रणालीचे उदाहरण घेऊ. प्रत्येक ध्वनिफितीचा एक 'क्यू' तयार होतो. त्या क्यूला एक चौकट असते : आडव्या ओळी म्हणजे फितीतील चॅनेल (मोनो फितीत एक, स्टिरिओत दोन) आणि उभे स्तंभ म्हणजे आउटपुट. ओळ व स्तंभ जेथे मिळतात, तेथे आवाजाची पातळी डेसिबलमध्ये भरतात. शून्य म्हणजे पातळी आहे तशी. चौकोन रिकामा ठेवला, तर त्या वाटेने आवाज जातच नाही.

समजा, नाट्यगृहात सहा आउटपुट आहेत : १-२ रंगमंचाच्या दर्शनी दोन बाजूंना, ३ दालनाच्या दारामागे, ४ रंगमंचाच्या मागे खोलवर, ५-६ प्रेक्षागृहाच्या छताजवळ. आपली योजना अशी होईल :

• वाद्यवृंद (स्टिरिओ) : दोन्ही ओळी ३ कडे. एकच ओळ जोडली, तर फितीतील दुसऱ्या चॅनेलवरची वाद्ये हरवतील.
• तार (मोनो) : ५ व ६ कडे समान पातळीने.
• कुऱ्हाड (मोनो) : फक्त ४ कडे.

यापुढे आणखी एक टप्पा असतो. क्यूचा 'आउटपुट ४' प्रत्यक्ष यंत्राच्या कोणत्या छिद्रातून बाहेर पडेल, हे 'पॅच' ठरवतो. मराठी नाटकांचे प्रयोग गावोगावी होतात आणि प्रत्येक नाट्यगृहातील जोडणी निराळी असते. अशा वेळी केवळ पॅच बदलावा. क्यूंमधील योजना तशीच राहू द्यावी. संहितेचा अर्थ क्यूमध्ये आणि वास्तूची सोय पॅचमध्ये, अशी ही विभागणी लक्षात ठेवावी.

६.२.४ कानाचा निर्णय

कुऱ्हाडीचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तो १-२ मधूनही सोडला, तर काय होईल? एकच आवाज दोन ठिकाणांहून अत्यल्प अंतराने आला, तर आपला कान आधी पोहोचलेल्या आवाजाचे ठिकाण खरे मानतो. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात याचा अभ्यास केला. दर्शनी स्पीकर प्रेक्षकांना जवळचे असल्याने कुऱ्हाड बागेतून उठून थेट रंगमंचाच्या कडेला येईल. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे १० मीटरला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. मागचा स्पीकर तेवढा दूर असेल, तर दर्शनी स्पीकरना त्याहून किंचित अधिक विलंब द्यावा आणि त्यांची पातळी कमी ठेवावी. आवाज पोहोचतो, तरी तो बागेतूनच आल्यासारखा वाटतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. 'जणू' या शब्दामुळे ध्वनियोजनेत कोणता फरक पडतो?
२. नाट्यगृह बदलल्यावर क्यूऐवजी पॅच का बदलावा?

६.३ सारांश

रंगसूचनेतील प्रत्यय व अव्यये आवाजाचे स्थान निश्चित किंवा अनिश्चित करतात. चौकटीतील पातळ्या भरणे हे त्या भाषेचे वाचनच असते. त्यानंतर पॅच व विलंब यांच्या साहाय्याने ते वाचन प्रत्यक्ष वास्तूत जपावे लागते.

६.४ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. अभ्यासक्रमातील कोणत्याही एका नाटकातील ध्वनिसूचना निवडून 'मूळ शब्द – उगम – निश्चित की अनिश्चित – आउटपुट' असा तक्ता तयार करा.
२. नाट्यप्रयोग पाहताना एखादा आवाज कोठून आला, ते नोंदवा. नंतर संहिता वाचून ते ठिकाण योग्य होते का, याविषयी दहा ओळी लिहा.