पहिली भेट आणि तोंडाची दुर्गंधी

नोकरीची मुलाखत असो, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम असो, की दुकानात आलेले नवे गिऱ्हाईक असो, पहिल्या भेटीचे महत्त्व सर्वांनाच ठाऊक असते. म्हणून आदल्या दिवसापासून तयारी सुरू होते. कपड्यांना इस्त्री होते, केस कापले जातात, बुटांना पॉलिश होते. ही धडपड निरर्थक नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील विलिस व टोडोरोव या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की अनोळखी चेहऱ्याचे छायाचित्र अवघा एक दशांश सेकंद दाखवले तरी पाहणारा त्या व्यक्तीविषयी मत बनवून मोकळा होतो.

परंतु चेहऱ्यापाठोपाठ येते ते बोलणे, आणि या सर्व तयारीत नेमके तोंडच विसरले जाते. तोंडाला दुर्गंधी असेल तर ऐकणारा नकळत मागे सरकतो, मान वळवतो, बोलणे आटोपते घेतो. मात्र कारण कोणी सांगत नाही. ज्यांना आपल्या या तक्रारीची कल्पना असते, ती माणसे तोंडावर हात धरून, खालच्या आवाजात बोलतात. समोरच्याला वाटते, यांच्यात आत्मविश्वास नाही. अशा रीतीने बरी होऊ शकणारी एक तक्रार चांगल्या माणसाचे नुकसान करून जाते.

दुर्गंधी येते कोठून?

पुष्कळांचा समज असा, की पोट साफ नसले म्हणजे तोंडाला वास येतो. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांमध्ये दोष तोंडातच असतो. जिभेच्या मागच्या भागावर, दातांच्या फटीत व हिरड्यांखाली अन्नाचे कण आणि मृत पेशी साचतात. तेथील जंतू त्यातील प्रथिनांचे विघटन करतात आणि त्यातून गंधकयुक्त वायू तयार होतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो यांचाच.

लाळ ही तोंडाची नैसर्गिक सफाई कामगार आहे. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणून सकाळी उठल्यावर प्रत्येकाच्याच तोंडाला थोडा वास असतो. मनावर ताण आला की तोंडाला कोरड पडते. म्हणजे नेमके मुलाखतीच्या वेळीच ही तक्रार डोके वर काढते! उपाशीपोटी राहणे, पाणी कमी पिणे, तोंडाने श्वास घेणे आणि सर्दी-अॅलर्जीवरील काही औषधे यांमुळेही तोंड कोरडे पडते. कच्चा कांदा व लसूण यांची गोष्ट निराळी आहे. लसणातील काही द्रव्ये रक्तात मिसळून फुप्फुसावाटे बाहेर पडतात. त्यामुळे नुसते दात घासून तो वास लगेच जात नाही.

आपले आपल्याला कळत नाही

नाकाला सततच्या वासाची सवय होते, त्यामुळे स्वतःच्या तोंडाचा वास सहसा स्वतःला जाणवत नाही. स्वच्छ चमच्याने जिभेचा मागचा भाग हलकेच खरवडावा व काही सेकंदांनी चमचा हुंगावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे घरातील विश्वासाच्या माणसाला विचारणे. त्यानेही संकोच न करता, पण चारचौघांत नव्हे, खरे ते सांगावे. याउलट, काही जणांच्या तोंडाला वास नसतानाही तशी भीती मनात घर करून बसते. अशांनी दंतवैद्याकडून खात्री करून घ्यावी.

उपाय काय करावेत?

१. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने दोन-दोन मिनिटे दात घासावेत. रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे.

२. जीभ रोज मागून पुढे हलक्या हाताने साफ करावी. घरातील तांब्याची किंवा स्टीलची पट्टी चालेल.

३. जेवणानंतर खळखळून चूळ भरावी. कवळी असल्यास रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी.

४. दातांवर साचलेले किटण ब्रशने निघत नाही, ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे. त्यामुळे दात ढिले होतात हा गैरसमज आहे. उलट किटणामुळे हिरड्या सुजतात, रक्त येते व दात हलू लागतात.

५. महत्त्वाच्या भेटीला उपाशी जाऊ नये. थोडे खाऊन, चूळ भरून, जवळ पाणी ठेवावे. बडीशेप किंवा वेलची चघळल्याने लाळ सुटते, पण तो तात्पुरता इलाज आहे. वासावर सुगंधाचे पांघरूण घालून रोग बरा होत नाही.

तंबाखू, मशेरी आणि गुटखा

तंबाखूने दात काळवंडतात, हिरड्यांचे विकार वाढतात आणि तोंडाला उग्र वास येतो. मशेरीने दात स्वच्छ होतात असे मानणाऱ्या माताभगिनींनीही हे ध्यानात घ्यावे, की मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सवय सुटलेली नाही. सुपारीमुळे गालांची आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील, अथवा दोन-तीन आठवड्यांत बरी न होणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर ताबडतोब तपासून घ्यावे. ही कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते.

दुर्लक्ष केव्हा करू नये?

तोंडाची नीट निगा राखूनही दोन-तीन आठवड्यांत फरक न पडल्यास प्रथम दंतवैद्याला आणि गरज वाटल्यास नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवावे. वारंवार हिरड्या सुजत असल्यास रक्तातील साखर तपासावी, कारण मधुमेह व हिरड्यांचे विकार एकमेकांना बळ देतात. मधुमेही व्यक्तीच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येऊन सोबत उलट्या, खूप तहान किंवा जोरजोरात श्वास असेल तर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे. श्वासाला लघवीसारखा वास हे मूत्रपिंडाच्या विकाराचे लक्षण असू शकते.

थोडक्यात, नव्या कपड्यांइतकेच लक्ष तोंडाच्या स्वच्छतेकडे द्यावे. ही तयारी मात्र आदल्या दिवशी होत नाही, ती रोजची सवय असावी लागते. मग समोरच्याकडे पाहून मोकळेपणाने हसता येते, आणि पहिल्या भेटीत त्याहून मोठी शिफारस कोणती?